पेढा नाही, बर्फी नाही

मॅडमबद्दल वाईट लिहायचं नाही, असं ठरवून बसले आहे. त्यांनी मला घरात घेतलं तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि एक मोडलेलं लग्न. माझं गाव किल्लारीच्या शेजारचं. तिथून नांदेडला यायचं म्हणजे लातूर, अहमदपूर, लोहा करत एसटी बदलण्यात सगळा दिवस जायचा. इतक्या लांब मला ओळखणारं कुणी नव्हतं, आणि मला तेच बरं वाटलं. मॅडमनी नवऱ्याचं काही विचारलं नाही, जात विचारली नाही. एवढंच विचारलं, "लेकरं सांभाळता येतात का?"

"एक सांभाळलंय," मी म्हणाले. "जन्मल्यापासून."

ते लेकरू म्हणजे माझा भाऊ. त्याचं पुढे सांगते, कारण सगळं त्याच्यापाशीच येऊन अडकलं.

सर आणि मॅडम मिळून कोचिंग क्लास चालवायचे. सर फिजिक्स शिकवायचे, मॅडम बायोलॉजी. त्या वर्षांत आमच्या गल्लीत दुकानांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. कंधार, देगलूर, किनवट, कुठकुठली पोरं पाठीवर दप्तर आणि हातात पाण्याची बाटली घेऊन फिरायची. क्लास खाली, घर वर. पोरं इतकी होती की मॅडम माईकवर शिकवायच्या. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी क्लासच्या वर. मी मेथी निवडत असायची आणि खालून मॅडमचा आवाज यायचा: गर्भाशय, नाळ, पेशी. माझी शाळा सहावीत सुटली. पण त्या खिडकीत बसून मी बरंच ऐकलं. मॅडमना ते माहीत होतं. कधी कधी त्या मला चाचणीचा कोरा पेपर द्यायच्या आणि म्हणायच्या, "वाच, कळतंय का बघ." माझं शुद्धलेखन त्यांनीच सुधारलं. आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळेच, हेही खरं.

मुलं दोन. मुलगी सात वर्षांची, मुलगा चारचा. मला मावशी म्हणायला सांगितलं होतं, पण आमच्याकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, ते मी त्यांना शिकवलं. सकाळी शाळेआधी मी मुलीच्या दोन वेण्या घालायची. ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि जे काही विचारायचं ते तेव्हाच विचारायची. तोंड दिसत नसलं की लेकरांना विचारायला सोपं जातं.

त्या उन्हाळ्यात सरांच्या भावाची बायको, मुलांची काकी, कंधारहून राहायला आली. सातवा महिना लागला होता आणि तपासणी नांदेडला होती. तिच्यासोबत सासूबाई, म्हणजे मुलांची आज्जीही आल्या. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना प्रश्न आला.

"अक्का, काकीच्या पोटात बाळ कुणी ठेवलं?"

धाकटा शेजारी बसून बिस्कीट खात होता. तो म्हणाला, "काकीनं गिळलं."

"येड्या, गिळलं असतं तर दातात नसतं का आलं?"

"बारीक होतं तेव्हा गिळलं."

मी म्हणाले, "मम्मीला विचारा." मम्मी म्हणाली, "आज्जीला विचारा, मला पेपर काढायचेत." आज्जी म्हणाल्या, "माहूरच्या आईनं काकीच्या ओटीत घातलंय." दुपारी काकी झोपली असताना धाकटा तिचा पदर उचलून बघत होता. काकी किंचाळून उठली. "अरे, काय करायलास?" तो म्हणाला, "ओटी बघायलोय. बाळ कुठंय त्यात?"

सगळे हसले. मीही हसले. पण मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिनं आवाज बारीक करून विचारलं, "अक्का, सगळे वेगवेगळं सांगतात. खरं काय आहे?"

इथं मला भावाचं सांगावं लागेल.

भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि आईला दिवस गेले होते. वडील भिंतीखाली गेले. आम्ही दोघी वाचलो ते गोठ्याच्या बाजूला निजलो होतो म्हणून. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. भाऊ त्या शेडमध्ये झाला. भरदुपार होती, पत्रा तापला होता. शेजारच्या शेडमधल्या एका म्हातारीनं आईला सोडवलं. दुसरी बाई मिळेना, म्हणून आईचा हात मी धरला. मी सगळं पाहिलं. घाबरले, पण पाहिलं. नंतर आई रोजानं जायला लागली आणि भाऊ माझ्या कडेवर आला. शाळा तेव्हाच सुटली.

तो बोलायला लागला, विचारायला लागला, तेव्हा बाया त्याला चिडवायच्या, "तुला ट्रकातून आणलंय." आमच्याकडे तेव्हा सगळं ट्रकातूनच यायचं. चादरी, भांडी, बिस्किटं, कुणाचे जुने कपडे. मग पोर ट्रकातून आलं, यात त्याला काही नवल वाटलं नाही. मीही कधी अडवलं नाही. चेष्टाच होती ती.

तो पाच वर्षांचा असताना आम्हाला नवीन घरं मिळाली आणि शेड मोडायला लागले. पत्रे परत न्यायला ट्रक आले. माणसं पत्रे काढायची, एकावर एक रचायची, ट्रकात टाकायची. त्या दिवशी भाऊ हरवला. सगळं गाव शोधत होतं. संध्याकाळी तो कडब्याच्या गंजीत सापडला. अंगात ताप होता आणि मुतलेला होता. मी त्याला ओढून बाहेर काढायला लागले तर त्यानं कडबा दोन्ही हातांनी धरला.

"मला न्हाई जायचं," तो ओरडत होता. "त्यांनी दिलेलं समदं परत न्यायलेत."

त्या रात्री मी त्याला खरं काय ते सांगितलं. आईच्या पोटात होतास, मी बघितलंय, मीच पहिल्यांदा तुला हातात घेतलं. त्यानं ते चार वेळा सांगायला लावलं. मग झोपला. तेव्हापासून माझं ठरलेलं होतं. लेकरांना या बाबतीत खोटं सांगायचं नाही. आपण चेष्टा म्हणून बोलतो आणि ते कडब्यात जाऊन बसतात.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. चहाची वेळ होती, त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्या म्हणाल्या, "तू सांग त्यांना. मला वेळ नाही आणि माझ्यापेक्षा तू नीट सांगशील. पण खोटं नको सांगू. लेकरांचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही."

"कसं सांगू पण, मॅडम? किती सांगू?"

त्यांनी चाचणीचा एक पेपर उलटा केला आणि पेन्सिलीनं चित्र काढलं. एक पिशवी, तिच्यात पाणी, पाण्यात मुटकुळं करून बसलेलं बाळ, बाळाला जोडलेली नाळ, आणि खाली एक वाट. बाजूला त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: पिशवी, नाळ, वाट. "एवढं बास," त्या म्हणाल्या. "बाळ आत कसं आलं ते विचारलं तर सांग, आई आणि बाबा दोघांचं थोडं थोडं मिळून होतं. पुढचं मोठं झाल्यावर."

मला काय वाटलं ते आज सांगता येत नाही. शंभर पोरांना माईकवर शिकवणारी बाई मला एकटीला ओट्याशी शिकवत होती. वर आणखी एक गोष्ट होती. भाऊ त्या वर्षी दहावीला होता आणि मॅडम आधीच म्हणाल्या होत्या, "पास होऊ दे, जूनमध्ये इकडं पाठव. क्लासला बसेल, गच्चीवरच्या खोलीत राहील." आमच्या घरात अकरावीचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी रोज देवाला हात जोडताना मॅडमचं नाव घ्यायची.

मुलांना मी चित्र दाखवून सांगितलं. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. धाकट्यानं विचारलं, "पप्पा पण पिशवीत होते?"

"होते की. आज्जीच्या."

तो आज्जीकडे जाऊन बराच वेळ त्यांच्या पोटाकडे बघत उभा राहिला. मुलगी एवढंच म्हणाली, "आता कळालं." त्या दिवशी तिनं वेणी झाल्यावर मागे वळून माझ्या गळ्यात हात टाकले. चित्र मी डाळीच्या डब्याखाली अंथरलेल्या कागदाखाली ठेवलं, कारण ती पुन्हा मागणार हे मला माहीत होतं.

मग काकीचं डोहाळजेवण आलं. गच्चीवर मांडव, हिरवी साडी, फुलांचे दागिने. नात्यातल्या बाया आल्या आणि क्लासमधल्या बऱ्याच पोरींच्या आयाही आल्या. मॅडमनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे दिवस होते. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. काकी हात पुढे करणार, तेवढ्यात एका बाईनं धाकट्याला मांडीवर घेतलं.

"तू सांग रे राजा, काकीच्या पोटात काय हाय? पेढा का बर्फी?"

"पेढा नाही, बर्फी नाही," तो म्हणाला. "पिशवी आहे. पिशवीत पाणी आहे. बाळ पाण्यात बसलंय आणि नाळेनं जेवायलंय."

बाया खो खो हसल्या. "अगं बाई! डाक्टरच हाय की ह्यो!"

एकीला तेवढ्यानं भागलं नाही. "आनि मग बाहीर कसं येतंय रे, डाक्टर साहेब?"

"खालून. तिथं वाट असते. शूची नाही, येगळी." त्यानं बोट दाखवायला सुरुवात केली.

हसणं एकदम थांबलं. कुणीतरी "शी!" म्हणालं. मी कोपऱ्यात ताटं पुसत होते, ती पुसतच राहिले.

सासूबाई उठल्या. "कुणी शिकवलं रे तुला हे?"

धाकट्यानं आनंदानं सांगितलं, "अक्कानी."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. सासूबाई मॅडमना म्हणाल्या, "हे चालू हाय व्हय तुमच्या घरात? लेकरं मोलकरणीच्या हवाली, आनि तिनं हे धडे द्यायचे? जिला सोताचं लेकरू न्हाई, तिला काय कळतंय लेकरापुढं काय बोलावं!"

मी मॅडमकडे पाहिलं. मला भीती वाटली नव्हती, हे मी इथं मुद्दाम लिहिते. मला वाटलं होतं, आता मॅडम हसतील आणि म्हणतील, मीच सांगितलं होतं, त्यात काय वाईट आहे. रोज शंभर पोरांना सांगतात, चार बायांना सांगायला काय लागतं?

मॅडम वाट्यांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगेन असलं काही? तिला शाळा नाही ना, आई. खेड्यात जनावरं व्यालेली बघतात, तेच सांगितलं असेल लेकरांना."

एका पोरीची आई म्हणाली, "तेच म्हटलं, मॅडमच्या घरात असं कसं?"

माझ्या कानात फक्त दोनच गोष्टी राहिल्या. शाळा नाही. आणि जनावरं. माझी शाळा सहावीपर्यंत होती हे त्यांना माहीत होतं. आणि मी काय पाहिलं होतं, कुणाचा हात धरला होता, ते त्यांनी ओट्याला टेकून ऐकलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. त्यांच्या हातचं चित्र जिना उतरला की डाळीच्या डब्याखाली होतं. मला ते आणून दाखवता आलं असतं. मी ताट उचललं आणि पंगतीला मीठ वाढायला लागले. काकीनं वाटी उघडली, बर्फी निघाली, सगळ्या पुन्हा हसल्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मॅडम स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून घेतलं. "तुला राग आला असेल," त्या म्हणाल्या. "पण तिथं पालक बसले होते. सासूबाई होत्या. माझं काय झालं असतं?"

मी ताटं मोजून फळीवर लावत होते.

"आता एक कर. मुलांना सांग की तू गंमत केली होतीस. बाळ दवाखान्यातून आणतात म्हणून सांग. नाहीतर मुलगी शाळेत जाऊन बोलेल, आणि मग गावभर."

"मॅडम, तुम्हीच म्हणालात, खोटं..."

"अगं, थोडे दिवस." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता, नेहमीसारखाच. "तुझा भाऊ येतोय ना जूनमध्ये? मग थोडं समजून घे की."

धमकी होती का ती? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्यांना तसं म्हणायचं नसेलही. पण मला जे कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम मुद्दाम खोलीत थांबल्या. मी मुलीच्या केसांत कंगवा घातला. तिनं पाठ करूनच विचारलं, "अक्का, आज्जी म्हणाली तू खोटं सांगितलं. तू खोटं सांगितलं?"

मी कंगवा फिरवत होते. भाऊ डोळ्यांपुढे होता, सोळा वर्षांचा, मिसरूड फुटलेला, तरी कडबा धरून बसलेला. मी म्हणाले, "हाव. मी गंमत केली होती. बाळ दवाखान्यातून आणतात."

तिची पाठ ताठ झाली. एवढंच झालं. मॅडम म्हणाल्या, "बघ, अक्का किती चांगली आहे, चूक कबूल केली." आणि खाली क्लासला गेल्या. थोड्या वेळानं माईक सुरू झाला.

जूनमध्ये भाऊ आला. मॅडमनी शब्द पाळला, हे मला लिहायलाच हवं. गच्चीवरची खोली दिली, पुस्तकं दिली, क्लासमध्ये पुढच्या बाकावर बसवलं. तो संध्याकाळी जिन्यात बसून मोठ्यानं पाठ करायचा. मी त्याच्याकडे बघत भाकरी थापायची आणि सुखानं माझे हात हलके व्हायचे. त्याच सुखात काहीतरी टोचायचं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात काकी बाळंत झाली. मुलगी झाली. मी दोन्ही लेकरांना घेऊन दवाखान्यात गेले. मुलीनं बाळाला बोट लावून पाहिलं आणि शेजारच्या नर्सला स्पष्ट विचारलं, "सिस्टर, तुम्ही हे बाळ कुठून आणलं?"

नर्स पट्टी बांधत होती. "आणलं? आम्ही कशाला आणतोय? काकीच्या पोटातनं आलंय."

"पोटात कुठं होतं?"

"पिशवीत. बाया काय सांगत नाहीत का गं तुला घरी?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी बाळाचं दुपटं नीट करायला लागले, ते नीटच होतं.

रिक्षात ती माझ्या मांडीवर बसली नाही. कडेला बसली, गज धरून. घरी आलो. जिन्यात भाऊ पुस्तक घेऊन बसला होता. त्यानं पाय आवरून आम्हाला वाट दिली. वर आल्यावर ती म्हणाली, "पिशवी खरीच असते."

"हं."

"मग तू खरं सांगितलं होतं."

"हं."

"मग खोटं होतं असं कशाला म्हणालीस?"

जिन्यातून भावाचा आवाज येत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मी म्हणाले, "मम्मीला आवडलं नसतं."

"मम्मी तर तिथंच होती. तिला खरं माहीत होतं ना? ती खाली तेच शिकवते. मग ती खोटं बोलली?"

डबा चार पावलांवर होता. तिला मम्मीचं अक्षर ओळखता येत होतं. मी दारातून जिन्याकडे पाहिलं, भावाच्या पाठीकडे.

"न्हाई," मी म्हणाले. "मम्मी खोटं बोलत न्हाई."

ती गणित सोडवल्यासारखं म्हणाली, "म्हणजे आत्ता पण तू खोटंच बोलायलीस." त्यात राग नव्हता.

सकाळी मी नेहमीसारखी कंगवा आणि दोन रिबिनी घेऊन बसले. ती आरशापुढे उभी होती. तिनं भांग पाडला होता, वाकडा, आणि एक वेणी स्वतःच घातली होती, कानाच्या वर आलेली. दुसरी घालत होती. केस हातातून निसटत होते.

"ये, मी घालते," मी म्हणाले.

"माझी मी घालते," ती म्हणाली.

ती वेणी तशीच घेऊन ती शाळेत गेली. पुढे मी त्या घरात तीन वर्षं होते. तिनं मला चहा दिला, पाणी दिलं, वाढदिवसाचा केक दिला. प्रश्न एकही विचारला नाही.